हातचं राखलेलं कापड

मंगळवार, सकाळचे नऊ चाळीस. शाळेच्या एका राखाडी पँटची खालची मुडप उसवली जात होती. डाव्या हाताच्या दोन बोटांत ताणलेलं कापड, उजव्या हातात अर्धं ब्लेड, दर तिसऱ्या टाक्याखाली ब्लेडचा कोपरा. मुडपीतून पाच इंच कापड बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी ते शिवणारीनेच आत ठेवलं होतं.

"तेव्हा म्हणत होतात ना, एवढं कशाला कोंबताय म्हणून?" ती मुलाच्या आईला म्हणाली.

"तुमचंच खरं झालं."

"माझं कसलं? पोराच्या तंगड्यांचं खरं झालं. उद्या संध्याकाळी न्या."

एवढ्यात रस्त्यापलीकडच्या बस डेपोचा भोंगा वाजला. "नऊ पन्नासची गाडी फलाट दोनवर लागलेली आहे. मागच्या दाराने चढू नये, मागचं दार उतरणाऱ्यांसाठी आहे." ब्लेड हातातच थांबलं. घोषणा संपली तसं ते पुन्हा चालू लागलं. मुलाच्या आईच्या काही लक्षात आलं नाही. शिवणारीने मात्र मोजलं होतं. मागच्या वर्षी हे एवढं सगळं एका दमात व्हायचं. आज मध्ये तीनदा श्वास घ्यावा लागला.

हा आवाज जिचा, तिला सगळा डेपो भोंगा म्हणतो. हे नाव डेपोने दिलेलं नाही. ते शाळेतलं आहे, बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने दिलेलं. त्या मुलीला भोंग्याने परतफेड म्हणून टाचणी हे नाव दिलं: अंगाने तशी आणि टोचायलाही तशीच. दोघी आता सत्तावन्नच्या आहेत. एकीने एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या, दुसरीने छत्तीस वर्षं लोकांचे कपडे मोठे-लहान केले.

टाचणीचं दुकान तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली आहे. सात फूट बाय नऊ फूट. छत जिन्यासारखंच उतरतं, त्यामुळे गिऱ्हाईक पुढे उभं राहू शकतं आणि मशीन मागे, जिथे बसल्याशिवाय डोकं मावत नाही. पाटीवर लिहिलंय: कपडे दुरुस्ती. उंची, रुंदी, चेन, अस्तर. नवीन शिवून मिळणार नाही. दुकानात दोऱ्यांसाठी पत्र्याचा डबा आहे, टाचण्या उचलायला लोहचुंबक आहे. पण चिंध्यांची टोपली नाही. लागतच नाही. ती ज्या बाईकडे काम शिकली, त्या बाईचा दंडक होता की दुरुस्तीवाल्याने कापड कापायचं नसतं. आत घ्यायचं, टीप मारायची आणि उरलेलं आतल्या बाजूला मिटवून ठेवायचं. माणूस सुटतो, वाळतो, पुन्हा सुटतो आणि कपडा घेऊन परत येतो. कापलेलं कापड काही परत येत नाही.

छत्तीस वर्षं हा दंडक पाळला आणि गिऱ्हाईक टिकलं. त्याच दंडकाने मैत्रीण घालवली.

दोन वर्षांपूर्वी भोंग्याच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ऑपरेशन झालं, त्यानंतर सहा महिने केमो. केस गेले, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. "कंगवा वाचला," म्हणाली. पण तोंड आलं. जिभेला, गालांना, घशाला आतून फोड. साडेचार महिने ती कुजबुजण्यापलीकडे बोलू शकली नाही. डेपोने तेवढ्यात रेकॉर्ड केलेला आवाज आणून लावला. तो आवाज गोड होता, पण फलाट तीन म्हणायचा तेव्हा गाडी पाचवर लागलेली असायची. भोंगा अंथरुणात पडून, खिडकीतून वाऱ्यावर येईल तेवढं ऐकायची आणि पाटीवर खडूने लिहायची: गाढव.

आवाज परत आला. ती कामावर रुजू झाली. पहाटेची पाळी तिच्याकडे, दुपारी दोननंतर रेकॉर्डचा आवाज, अशी वाटणी झाली. दहा महिने बरे गेले. मग यकृतात डाग दिसले.

यावर्षीच्या तपासणीला टाचणी सोबत होती. डॉक्टर तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. दुसऱ्या औषधांचा केमो देता येईल, म्हणाल्या. दहांतल्या तिघांना फायदा होतो. फायदा म्हणजे साधारण चार महिने जास्त.

"आणि तोंड?" भोंग्याने विचारलं.

"तोंड येईल. मागच्यापेक्षा जास्तही येऊ शकतं."

"मग नको."

डॉक्टरांनी समजावलं, विचार करायला आठवडा दिला. आठवड्यानेही उत्तर तेच आलं, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा तो नंबर दिला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर भोंगा बसली.

"हे बघ टाचणे. पोरगी वाद घालणार. डेपोतले घालणार. शेजारीण तर काढा घेऊनच येणार. मला एक माणूस असं पाहिजे, जे वाद घालणार नाही."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. ऊठ, ऊन आलंय."

टाचणीच्या पोटातलं ओठावर आलं नाही. चार महिने म्हणजे सोळा-सतरा रविवार, असं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं. तिला नवरा नाही, मूल नाही. दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहते आणि रविवारी दुपारी भोंगा येऊन तिच्या खाटेवर झोपते, गेली वीस वर्षं. हे सोळा रविवार भोंग्याने कुणालाही न विचारता गाड्यांना देऊन टाकले होते. पण शब्द दिला होता.

मुलीला सांगायचं नाही, असंही ठरलं. भोंग्याची एकुलती एक मुलगी पाच तासांवरच्या गावात शाळेत शिकवते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. तिला सांगितलं गेलं की या वेळी केमो गोळ्यांचा आहे, एक गुरुवार सोडून एक गुरुवार तपासणी असते आणि टाचणीमावशी सोबत जाते. मुलगी फोन करायची आणि मावशी सांगायची, "हो गं, जाऊन आलो. गर्दी होती." एरवी गिऱ्हाइकाला दुपारी देते म्हटलं तर दुपारीच देणारी बाई. तिने असं सलग पाच महिने सांगितलं.

त्या गुरुवारी खरोखर काय व्हायचं, तर दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि भोंगा पडद्यामागे उभी राहून माप द्यायची. तिचं म्हणणं होतं की पोरीसमोर कपडे लोंबकळता कामा नयेत. चेहऱ्याचं खापर गोळ्यांवर फोडता येतं, ढगळ पँटचं येत नाही. निळा शर्ट, राखाडी पँट, डेपोचा गणवेश. कंबर अडतीस होती. पस्तीस झाली, मग चौतीस, साडेबत्तीस, एकतीस, तीस.

"कॉलेजात हीच होती ना गं?"

"कॉलेजात अठ्ठावीस होती. हसताना हलू नकोस, टाचणी लागेल."

"मग अजून वाव आहे म्हणायचा."

टाचणी तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसलेली असायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही या धंद्याची एक सोय आहे. ती माप घ्यायची, आत घ्यायची, टीप मारायची आणि उरलेलं कापड नेहमीसारखं आतल्या बाजूला मिटवायची. एकदाही कापलं नाही. पाचव्या खेपेला पँटच्या मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंचं मिळून एवढं कापड साठलं की मशीनची सुई वाकली. तिने जाड सुई लावली.

भोंगा दोनदा म्हणाली, "इथे हाडावर टोचतंय गं." टाचणीने दोन्ही वेळा सांगितलं की धुतल्यावर मऊ होईल.

तीन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या रविवारी मुलगी आली. आई कपडे बदलत असताना तिने आईच्या कमरेच्या हाडावर रुपयाएवढी जखम पाहिली. आई म्हणाली, पँट घासते. मुलीने पँट उचलली आणि उलटी केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही मुलगी लहानपणी शाळा सुटल्यावर टाचणीच्या मशीनच्या टेबलाखाली वाढलेली आहे. चुंबकाने टाचण्या गोळा करणं हा तिचा खेळ होता. टीप उसवली तरी सुईची भोकं राहतात आणि ती भोकं मोजली की कपडा किती वेळा आत घेतला ते कळतं, हे तिला मावशीनेच शिकवलं होतं, ती नऊ वर्षांची असताना. आता तिने भोकांच्या ओळी मोजल्या. पाच. प्रत्येकीच्या मधलं अंतर मोजलं. गोळ्यांनी बरं होणाऱ्या माणसाची पँट ही अशी नसते.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी ती पँट हातावर टाकून दुकानात आली. जन्मापासून मावशीला अगं-तुगं करणारी मुलगी त्या सकाळी म्हणाली, "तुम्ही किती दिवसांपासून मला फसवताय?"

"तुझ्या आईने सांगितलं होतं."

"आईने सांगितलं. आणि तुम्ही ऐकलंत. बरं, ती मरायला निघाली आहे हे तुम्हाला पटलंय?"

टाचणीने मशीनचं पायडल थांबवलं.

"पटलं असतं तर हे सगळं आत का ठेवलंय?" तिने पँटची घडी मशीनवर उलगडली. "खोटं बोलायचं तर धड तरी बोलायचं. इथे सगळं लिहून ठेवलंय तुम्ही."

दुपारी अडीचला पाळी संपल्यावर भोंगा स्वतः आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. एका हाताने शटरची पट्टी धरलेली. टाचणीला वाटलं, पोरीला कळलं म्हणून ती चिडली असेल. तो विषयच नव्हता.

"कापलं का नाहीस?"

"सवय गं. तुला माहीत आहे माझं."

"सवय सांगू नकोस मला. पंचेचाळीस वर्षं ओळखते तुला. तुला वाटत होतं मी पुन्हा सुटणार. पायऱ्यांवर बरं म्हणालीस आणि मनात म्हणालीस, बघू या."

"तसं नाही."

"मग कसं?"

टाचणीने हातातलं ब्लेड डब्यात टाकलं. "दुखतंय एवढं, तर बोलायचं होतंस."

"बोलले. दोनदा बोलले. तू म्हणालीस, धुतल्यावर मऊ होईल." भोंग्याने आवाज चढवला नाही, चढवला असता तर वरच्या मजल्यापर्यंत गेला असता. "माझं हाड सोललं तरी चालेल, पण कापड राहिलं पाहिजे. याच्यापेक्षा भांडली असतीस तर परवडलं असतं, टाचणे. भांडणाला मी उत्तर दिलं असतं. याला काय उत्तर देऊ?"

ती गेली ती सरळ जिना चढून पहिल्या मजल्यावर. तिथे एक शिंपी आहे. पाच मिनिटांत चेन बदलून देतो म्हणून त्याला सगळे झटपट म्हणतात. टाचणीशी त्याचा एकोणीस वर्षांचा उभा दावा आहे, तोही पाटीवरून. जिन्याच्या पायऱ्या टाचणीच्या डोक्यावरच असल्यामुळे कोण चढतंय ते तिला पावलांवरून कळतं. ही पावलं प्रत्येक पायरीवर दोनदा पडत होती.

झटपटने कापड कापलं, दोरे निघू नयेत म्हणून कडा ओव्हरलॉक केल्या, आतून अगदी साफ काम. फक्त सगळं मागूनच आत घेतलं. पँट मागून दोन-अडीच इंचांपलीकडे आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या जवळ सरकतात. इथे ते चिकटलेच. खिसे उसवून, बाजूच्या शिवणी नव्याने कापून पुन्हा लावायला हवेत. त्याला पाच मिनिटं पुरत नाहीत. डेपोतला एक ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मागे खिसा आहे की बटवा?" भोंग्याने त्याला माइकवरून नव्हे, पण जवळजवळ तेवढ्याच आवाजात उत्तर दिलं. ते टाचणीला दुकानात ऐकू आलं. ती हसली नाही.

तीन आठवडे दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक रस्ता मध्ये, रुंदी चाळीस फूट. रविवारी टाचणी खाट रिकामी ठेवून स्टुलावर बसून राहायची. दुपारी दोनपर्यंत आवाज मात्र येत होता. सहा दहा, सहा चाळीस, सात पाच. ती श्वास मोजत होती. आधी एक, मग दोन, आज तीन.

आज दुपारी चार पंचवीसला मुलगी आली. डेपोत रेकॉर्डचा आवाज चालू होता. मुलीच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत आईच्या गणवेशाची दुसरी पँट, जी झटपटकडे गेली नव्हती. तिच्या आत पाच ओळी तशाच होत्या.

"आईने पाठवलंय. खिसे काढून नव्याने लावायचे. बाजूने कापून. आणि तिने सांगितलंय, आत काही ठेवायचं नाही. ठेवणार असाल तर वरच्याकडे देते."

"माप?"

मुलीने चिठ्ठी पुढे केली. कंबर अठ्ठावीस, सीट चौतीस.

"माप घेताना टेपच्या आत बोट घातलं होतंस?"

"एक."

"मग साडेसत्तावीस."

टाचणीने खडूने खुणा केल्या. मुलगी स्टुलावर बसली, पूर्वी ज्या टेबलाखाली बसायची त्याच्या बाजूला. न विचारता बोलू लागली. ती आईला दुसऱ्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी तेच आकडे सांगितले, फक्त जास्त वेळ घेऊन. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचवणारी शेवटची गाडी कितीची मिळेल. मुलीने पुढच्या महिनाअखेरपर्यंत रजा वाढवली आहे. आठ दिवस ती आईशी भांडली. ताट फेकण्यापर्यंत गोष्टी गेल्या. आता भांडत नाही.

"पटलं का?" टाचणीने विचारलं.

"नाही. पटणारही नाही. पण माझं म्हणणं तिला माहीत आहे."

मोठ्या कात्रीला गंज नव्हता, पण धारही नव्हती. ती क्वचितच लागायची. टाचणीने ती दगडावर घासली, चार-पाच वेळा जास्तच. मग पँटवर ठेवली आणि हात काढून घेतला.

"मला चार महिने पाहिजे होते," ती कात्रीकडे बघत म्हणाली. "मिळाले असते की नाही, काय माहीत. पण पाहिजे होते."

"मला पण."

"मी बोलले नाही."

"मी बोलले," मुलगी म्हणाली. "तोंडावर बोलले. तिने शिव्या घातल्या आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मावशी, तुम्हीही शिव्या खायला हव्या होत्या."

टाचणीने कापायला सुरुवात केली. सगळ्यात बाहेरच्या खुणेपासून, म्हणजे अडतीसच्या कमरेपासून आत. कात्री भोकांच्या ओळींवरून गेली, पस्तीस, चौतीस, साडेबत्तीस, एकतीस, तीस, आणि साडेसत्तावीसच्या बाहेर अर्धा इंच सोडून खाली उतरली. दोन बाजूंच्या दोन आणि मागच्या दोन, अशा चार पट्ट्या पडल्या. एकीवर कमरपट्ट्याजवळ तपकिरी डाग होता. रक्त धुतलं तरी राखाडी कापडावर तसं दिसतं.

मुलीने पट्ट्या उचलल्या, टोपली शोधली. टोपली नव्हती. तिने त्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्यांवर ठेवल्या. डब्याचं झाकण बसेना, म्हणून तसंच राहू दिलं.

खिसे लागले, शिवणी मारून झाल्या. त्यानंतर टाचणीने कपाटातून जुन्या सुती अस्तराचा तुकडा काढला आणि कमरपट्ट्याच्या आतून, दोन्ही हाडांच्या जागी, हाताने शिवला. टाके इतके बारीक की बोट फिरवून लागत नाहीत. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मुलगी बघत होती. काम संपल्यावर तिने पँट उलटी केली, दिव्याखाली धरली आणि कडेचं कापड टेपने मोजलं. गिऱ्हाईक मोजतं तसं.

"अर्धा इंच आहे."

"तेवढं लागतं. नाहीतर टीप निघते. वरच्याला विचार हवं तर."

"नको." तिने घडी घातली, पिशवीत ठेवली. दारात थांबली. "तुम्ही येऊ नका, असं आई म्हणालेली नाही."

"ये असं म्हणाली?"

"तेही नाही."

"बरं," टाचणी म्हणाली. ती मशीन कापडाने झाकायला उठली, तिचं डोकं छताला लागलं. छत्तीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

संध्याकाळी सहा चाळीसला मुलगी रस्ता ओलांडून गेली. शाळेची राखाडी पँट अजून व्हायची होती. टाचणीने ती पुढे ओढली. पोराच्या उंचीला लागलं तेवढं सोडून उरलेलं कापड मुडपीत आत मिटवलं आणि वर टीप मारली. अडीच इंच.

उद्या बुधवार. पहिली गाडी सहा दहाची, फलाट चार. डेपोच्या फळ्यावर पहाटेच्या पाळीसमोर भोंग्याचं नाव लिहिलेलं आहे.